अण्णांच्या मृत्यूनंतर पाच महिने पेन्शन जमा होत राहिली, आता बँक सगळी परत मागतेय

येरळाकाठ:

नमस्कार मंडळी. सरळ मुद्द्यावर येतो, कारण आई चार दिवस धड जेवलेली नाही.

वडील (आम्ही अण्णा म्हणायचो) पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. १७ जूनला गेले, वय ७९. पेन्शन राज्य सरकारची, महागाई भत्त्यासकट महिना ३८,००० रुपये, गावाजवळच्या एका बँकेत आई-अण्णांच्या जोडखात्यावर जमा व्हायची. गाव सांगली जिल्ह्यात, मी नोकरीला चिंचवडला. तेराव्यानंतर दोन दिवसांनी परत आलो. अण्णा मिरजेला दवाखान्यात वारले म्हणून मृत्यूची नोंद तिकडची, दाखला जुलैत हातात आला. मला वाटलं, दाखला निघाला म्हणजे सरकारला कळलं. आधार जोडलेलं, पॅन जोडलेलं. पेन्शन आपसूक थांबेल आणि आईची सुरू होईल. कोषागारात, म्हणजे जिथून सरकारी पेन्शन निघते त्या कार्यालयात, कुणीतरी जाऊन सांगावं लागतं हे मला ठाऊकच नव्हतं. चूक माझीच आहे, आईची नाही.

आईचं म्हणाल तर अण्णा तिला कायम सांगायचे, "माझ्या मागं तुला पेन्शन हाय, कुणाच्या तोंडाकडं बघायची पाळी यायची नाही." दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात खात्यावर पैसे येत होते. ती समजली, हीच ती पेन्शन. रक्कम तेवढीच का, हे तिला कुठून कळणार? पासबुकावर इंग्रजी अक्षरं.

अण्णांची सवय होती, महिन्याच्या पाच-सहा तारखेला पासबुक दुधाच्या पिशवीत गुंडाळून छापून आणायचं. ती सवय आईने चालू ठेवली. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ती चुलतभावाबरोबर बँकेत गेली, तेव्हा काउंटरवर हयातीच्या याद्या पडलेल्या, पेन्शनर जिवंत असल्याची दरवर्षी सही घेतात त्या. पासबुकावरचं नाव बघून तिथल्या मुलाने यादी काढली, अण्णांच्या नावावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "आजी, आजोबांची सही राहिलीय. चालवत नसेल तर सांगा, आम्ही घरी येतो." नावासमोर सहीचा चौकोन रिकामा. आई त्या चौकोनाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "ते जूनमध्येच गेलं की."

त्यावर मॅनेजरने आत बोलावलं. पाच महिन्यांचे मिळून १,९०,००० परत भरा, नाहीतर पोलिसात कळवावं लागेल, असं चार लोकांसमोर बोलले. खात्यावर १,१२,००० शिल्लक होते, त्यांवर होल्ड लावला. त्या खात्यात आईच्या दोन म्हशींचं दुधाचं बिलही जमा होतं, तेही अडकलं. काढलेल्या पैशांतून दवाखान्याचं राहिलेलं बिल गेलं, दिवस-कार्य झालं, थोडं सोसायटीत भरलं. काही वेळा चुलतभावाने अण्णांचंच एटीएम कार्ड वापरलं, पिन आईने सांगितला.

आई एकच विचारते, "आरं, मी सरकारचं चोरलं का?"

मला तीन गोष्टी कळायला हव्यात. सगळे १,९०,००० भरावेच लागतील का? आईची पेन्शन कुठून आणि कशी सुरू होते? आणि पोलिसांचं जे बोलले त्यात तथ्य किती?

वाटसरू७:

एक रुपया भरू नका. निवृत्त माणसाकडून जादा दिलेली रक्कम वसूल करता येत नाही असा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, रफिक मसीह प्रकरणातला. त्याची प्रत काढून मॅनेजरच्या टेबलावर ठेवा.

कोषागारातला जुना:

वाटसरू, तुमचा हेतू चांगला आहे, पण हा निकाल इथे लागू करायला गेलात तर त्या माउलीचं नुकसान होईल. त्यावर खाली लिहितो. आधी आईंचं बघू.

येरळाकाठ, मी एका जिल्ह्याच्या कोषागारात निवृत्तीवेतन शाखेत ३१ वर्षं काढली. तुमच्या आईंसारख्या बायका माझ्या टेबलासमोर शेकड्याने बसल्या आहेत. त्यांना आजच फोन करून सांगा, यात चोरी नाही. आमच्या भाषेत याला 'अतिप्रदान' म्हणतात, म्हणजे देय होतं त्यापेक्षा जास्त दिलं गेलं. याचा हिशोब होतो, वसुली होते आणि फाइल बंद होते. मरण लपवून, हयातीचा खोटा दाखला देऊन वर्षानुवर्षं पेन्शन उचलणं हा फौजदारी गुन्हा, आणि तशी प्रकरणंही होतात. तुमच्या आईंनी तर विचारल्या क्षणी खरं सांगितलं.

आता रक्कम. १,९०,००० हा आकडा बँकेने नुसती पाच महिन्यांची बेरीज करून सांगितलाय. तो बरोबर नाही, आणि बहुतेक घरं इथेच फसतात. मृत्यूच्या दिवसापर्यंतची पेन्शन, तो दिवस धरून, अण्णांची हक्काची. दुसऱ्या दिवसापासून आईंचं कुटुंब निवृत्तीवेतन सुरू होतं. अर्ज उशिरा केला म्हणून ते उशिरापासून मिळत नाही, १८ जूनपासूनच मिळतं. म्हणजे या पाच महिन्यांत काही पैसे आईंना मिळायचेच होते.

अण्णा ७९ वर्षांचे होते, म्हणजे वाढीव दराने कुटुंब निवृत्तीवेतन मिळण्याची मुदत केव्हाच संपलेली. साधा दर लागेल, शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के. पेन्शन शेवटच्या वेतनाच्या निम्मी धरली तर कुटुंब निवृत्तीवेतन तिच्या ६० टक्के येतं. ३८,००० चे ६० टक्के २२,८००. नेमका आकडा पीपीओवर (पेन्शन मंजुरीच्या आदेशावर) आणि कोषागाराच्या नोंदीत असेल, हा अंदाज समजा. महागाई भत्त्याचा दर मध्ये बदलला असेल तर थोडं पुढेमागे होईल.

जूनचे १७ दिवस पेन्शन: २१,५३३. जूनचे उरलेले १३ दिवस कुटुंब निवृत्तीवेतन: ९,८८०. जुलै ते ऑक्टोबर चार महिने, २२,८०० प्रमाणे: ९१,२००. बेरीज १,२२,६१३. इतकं तुम्हाला मिळायलाच हवं होतं. मिळाले १,९०,०००. फरक ६७,३८७. खरं अतिप्रदान एवढंच.

नोव्हेंबरची पेन्शन आता थांबेल. आईंचं प्रकरण मार्गी लागेपर्यंत जे महिने जातील, त्यांची थकबाकी आईंची. ती देताना कोषागार आधी अतिप्रदान वळतं करून घेतं. त्यामुळे बँकेत रोख १,९०,००० नेऊन भरू नका. एकदा भरले की त्यातले आपले हक्काचे परत मिळवताना पुन्हा अर्ज, पुन्हा खेटे.

आणखी एक. पेन्शन सुरू होताना बहुतेक निवृत्तांकडून हमीपत्र घेतलेलं असतं, की जादा रक्कम जमा झाली तर परत घ्यायला माझी हरकत नाही. अण्णांनीही सही केलेली असणार. म्हणून होल्डवरून बँकेशी भांडण नको. पण लेखी विचारा, होल्ड किती रकमेवर आणि कुणाच्या पत्रावरून. दुधाचं बिल ही आईंची कमाई, तिचा पेन्शनशी संबंध नाही, हेही त्याच अर्जात लिहा. आणि डेअरीत जाऊन बिल दुसऱ्या खात्यावर वळवा. हे काम उद्याच करा.

अण्णांचं एटीएम कार्ड बँकेत जमा करा. जोडखातं असल्याने आईंना पैसे काढायचा हक्क होता, पण गेलेल्या माणसाचं कार्ड आणि पिन वापरणं हे कुठेच बसत नाही. काढले किती, कशाला लागले, हे अर्जात सरळ लिहा. आपण होऊन लिहिलेलं असलं की समोरचा माणूसही वेगळ्या नजरेने बघतो.

कोषागारात काय न्यायचं ते रात्री लिहितो, आता नातवाला आणायला जायचंय.

वकिली पेशा:

रफिक मसीहचं मी सांगतो. तो निकाल १८ डिसेंबर २०१४ चा. पंजाबात कर्मचाऱ्यांना सरकारच्याच चुकीने वेतन जास्त दिलं गेलं आणि नंतर वसुली काढली, असं प्रकरण होतं. तृतीय आणि चतुर्थ श्रेणीतले कर्मचारी, निवृत्त झालेले, वर्षाच्या आत निवृत्त होणारे, अशांकडून वसुली करू नये असं कोर्टाने म्हटलं. माणूस हयात आहे, पेन्शनचा हक्क आहे, फक्त आकडा चुकला, तिथे त्याचा आधार घेता येतो. इथे १७ जूननंतर अण्णांच्या नावावर पेन्शनच देय नव्हती. चुकून आलेले पैसे परत करायला लागतात, हे १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ७२ मध्येच आहे.

तुमची बाजू भक्कम आहे ती आईंच्या स्वतःच्या हक्कावर. वजावटीचा आग्रह धरा, कोर्टाची भाषा काढू नका. पोलिसांचं बोलले ते लेखी मागितलं तर बहुधा कुणी देणार नाही.

सोलापूरची लेक:

दादा, वाचून डोळ्यांत पाणी आलं. माझे वडील रेल्वेत होते. ते गेले तेव्हा मी दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी बँकेत गेले, तेव्हा घरचे म्हणाले, हिला पैशाचीच पडलीय. पण वडिलांनीच सांगून ठेवलं होतं, मी गेलो की आधी बँकेत जा.

केंद्राचं तुमच्यापेक्षा सोपं पडतं, कारण पेन्शन बँकच तिच्या पेन्शन केंद्रातून काढते. आईचं वडिलांबरोबर जोडखातं होतं, त्यामुळे नवीन खातं लागलं नाही. साधं पत्र, मृत्यूचा दाखला, पीपीओची प्रत, आईच्या वयाचा पुरावा आणि जादा आलं तर परत करू असं हमीपत्र, एवढ्यावर झालं. तरी एका महिन्याची पेन्शन जास्त आलीच होती, ती पुढच्या दोन महिन्यांत कापून घेतली. आम्हाला कुणी एक शब्द वावगा बोललं नाही.

तुमच्या आईंना चार लोकांसमोर बोलले ते मला सर्वांत जास्त लागलं. त्यांना एकटं पाठवू नका, सोबत जा.

कोषागारातला जुना:

कागदांचं लिहितो. अर्ज जिल्हा कोषागार अधिकाऱ्यांच्या नावाने करा. सोबत मृत्यूचा दाखला, अण्णांची मूळ पीपीओ, आईंचे फोटो, आधार, पॅन, पासबुकाचं पहिलं पान. आईंना स्वतः न्या. पीपीओवरचा जोडफोटो, सह्या आणि ओळखखुणा तिथे ताडून बघतात. आई अंगठा देत असतील तर तसं आधीच सांगा.

पीपीओ उघडून बघा, कुटुंब निवृत्तीवेतनाच्या रकान्यात आईंचं नाव आहे ना. असेल तर मुंबईला महालेखापालांकडे जावं लागत नाही, वारस दाखलाही लागत नाही, कोषागारच चालू करतं. नसेल तर अण्णांच्या जुन्या कार्यालयामार्फत प्रस्ताव जातो आणि मग वेळ लागतो.

अर्जात एक वाक्य न विसरता घाला: "माझे पती दि. १७ जून रोजी मयत झाले असून त्यानंतर खात्यावर जमा झालेल्या रकमेतील अतिप्रदान मला देय असलेल्या कुटुंब निवृत्तीवेतनाच्या थकबाकीतून समायोजित करावे, व शिल्लक राहिल्यास हप्ते करून मिळावेत." दोन प्रती न्या, एकीवर आवक शिक्का मारून घ्या. ती शिक्क्याची प्रत बँकेला द्या. बँक मऊ होते ती त्या शिक्क्याने.

आईंच्या एकटीच्या नावाचं बचत खातं आधीच काढून ठेवा. कुठे जोडखातं चालतं, कुठे एकटीच्या नावाचं मागतात. खातं तयार असलेलं बरं.

येरळाकाठ:

कसे आभार मानू कळत नाही. रात्रपाळीवर ब्रेकमध्ये तुमचा हिशोब कागदावर उतरवला आणि सकाळी आईला फोनवर वाचून दाखवला. ६७ हजार ऐकल्यावर ती म्हणाली, "म्हंजी त्यातलं माझं बी हुतं." हे ती तीनदा बोलली.

पीपीओ सापडली. अण्णांनी प्लॅस्टिकच्या कव्हरात घालून ट्रंकेत सातबाराच्या खाली ठेवली होती. आईचं नाव आहे, जोडफोटोही आहे. फोटोत अण्णांचे केस काळे आहेत. अडचण एकच, मृत्यूच्या दाखल्यावर आडनावात एक वेलांटी जास्त पडलीय. चालेल का?

कोषागारातला जुना:

कुणी चालवून घेईल, कुणी नाही. दाखला जिथे निघाला तिथे दुरुस्तीचा अर्ज टाका, आणि तोवर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं आईंचं प्रतिज्ञापत्र जोडा. वेलांटीपायी खेप वाया घालवू नका.

येरळाकाठ:

मंडळी, अडीच महिन्यांनी येतोय. कुणाला उपयोग होईल म्हणून सगळं सांगतो.

दोन दिवस रजा टाकून आईला जिल्ह्याला घेऊन गेलो. पहिल्या दिवशी संबंधित साहेब दौऱ्यावर, अर्जावर शिक्का मात्र मिळाला. दुसऱ्या दिवशी ज्या बाईंकडे टेबल होतं त्यांनी आईला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि पीपीओवरचा फोटो आणि आई यांच्याकडे आळीपाळीने बघून म्हणाल्या, "आजी, कुंकू तेवढं नाही, बाकी तुम्हीच." आई तिथे पहिल्यांदा रडली. अण्णा गेल्यापासून मी तिला लोकांत रडताना बघितलं नव्हतं.

वेलांटीला प्रतिज्ञापत्र चाललं. एकटीच्या नावाचं खातं मागितलं, ते आम्ही काढून नेलं होतं. शिक्क्याची प्रत दिल्यावर बँकेने दुधाच्या बिलाचे पैसे आठवड्याभरात मोकळे केले. डेअरीचं बिल तर तुम्ही सांगितलं त्याच दिवशी वळवलं होतं, नाहीतर पेंडीला पैसे नव्हते. नोव्हेंबर आणि डिसेंबर दोन्ही कोरडे गेले. या काळाची तयारी प्रत्येकाने ठेवावी, कारण जुनी पेन्शन एका दिवसात थांबते आणि नवी सुरू व्हायला महिने लागतात. मी महिन्याला पाठवत होतो, पण आईला मागायला जड जायचं. ती सांगायचीच नाही.

हिशोब तुम्ही सांगितला तसाच निघाला, अतिप्रदान ६७,३८७. नोव्हेंबर-डिसेंबरची थकबाकी ४५,६०० त्यात वळती झाली. राहिले २१,७८७. त्याला पाच हप्ते करून देतो म्हणाले. मी हो म्हणणार होतो, तर आई म्हणाली, "हप्तं नगं. पाच म्हैनं माझ्या डोक्यावर कशाला?" मग ते मी चलनाने ऑनलाइन भरले, 'ग्रास' या सरकारी भरणा प्रणालीवर, आणि चलनाची प्रत टेबलावर नेऊन दिली. जुन्या खात्यातल्या शिल्लकेवरचा होल्ड उठला की त्यातून आई मला परत करणार आहे. मी नको म्हणालो तर ऐकत नाही.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आईच्या खात्यावर पहिले २२,८०० आले. तिने पासबुक छापून आणलं, त्याच दुधाच्या पिशवीतून. फोन करून विचारलं, "ह्ये माझंच न्हवं? नक्की?" मी नक्की म्हणालो. तरी तिने ते आठ दिवस काढले नाहीत.

त्या बँकेतल्या मुलाने, यादीवर बोट ठेवणाऱ्या, परवा आईला बाहेर थांबवून माफी मागितली. खरं तर त्याचा काही दोष नव्हता.

सोलापूरची लेक:

फार बरं वाटलं. दादा, कराचंही बघून घ्या. कुटुंब निवृत्तीवेतन पगारात धरत नाहीत, इतर उत्पन्नात धरतात आणि त्याला वेगळी वजावट आहे. आईंच्या रकमेवर कर बसेल असं वाटत नाही, पण अण्णांच्या पॅनवर जूननंतरची जी पेन्शन दिसतेय, ती त्यांचं विवरणपत्र भरताना ध्यानात ठेवा.

कोषागारातला जुना:

आईंना माझा नमस्कार सांगा. आता दोन कामं राहिली. होल्ड उठल्याचं बँकेकडून लेखी घ्या. आणि येत्या नोव्हेंबरात हयातीच्या यादीत आईंचं नाव आलंय का ते ऑक्टोबर अखेरीलाच जाऊन बघा, कारण खातं नवीन असलं की पहिल्या वर्षी नाव सुटतं आणि डिसेंबरात पेन्शन अडकते. नाव नसेल तर दाखला स्वतः भरून कोषागारात द्या किंवा जीवन प्रमाण या सरकारी ऑनलाइन सेवेवर करा. त्या दिवशी रजा काढून तुम्ही सोबत असा.